चार-पाच डेस्कटॉप सांभाळायचा खर्च नेमका कुठे जातो?

पॅकेजवाला (धागाकर्ता)

दर रिलीजच्या तोंडावर एक मागणी ठरलेली असते: 'अमुक डेस्कटॉपची पॅकेजेस रिपॉझिटरीत (पॅकेजच्या कोठारात) पडलेलीच आहेत, मग इन्स्टॉलरमध्ये एक पर्याय वाढवायला तुमचं काय जातं?' मी एका छोट्या डिस्ट्रोचं (म्हणजे लिनक्सच्या एका तयार आवृत्तीचं) पॅकेजिंग बघतो. डेस्कटॉप म्हणजे इथे ग्नोम, केडीईचा प्लाझ्मा, एक्सएफसीई यांसारखं पडद्यावरचं अख्खं वातावरण, कॉम्प्युटर नव्हे. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच वळेल. या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देता येत नाही, म्हणून धागा काढतोय.

पॅकेज बांधायला खरंच फारसं काही जात नाही. ते काम आता बरंचसं आपोआप होतं. खर्च होतो तो डेस्कटॉप उरलेल्या सिस्टिमला जिथे जोडला जातो त्या सांध्यांवर.

अपडेट करताना पासवर्ड विचारणारी चौकटच घ्या. परवानगी द्यायची की नाही हे पोलकिट ठरवतं, पण ती चौकट पडद्यावर आणणारा एजंट प्रत्येक डेस्कटॉपचा निराळा. ग्नोमचा शेलच्याच पोटात, प्लाझ्माचा स्वतंत्र, माटेचा आणि एलएक्सक्यूटीचा आणखी वेगळा. सेशन सुरू होताना तो एजंट उठलाच नाही, तर वापरणाऱ्याला एवढंच दिसतं की बटण दाबलं आणि काही घडलं नाही. तक्रार कोणावर नोंदवली जाते? अपडेटरवर. ते लिहिणारा बिचारा आपल्या मशीनवर तपासून 'माझ्याकडे चालतंय' म्हणतो, आणि त्याचंही खरंच असतं.

दुसरा सांधा पोर्टलचा. फ्लॅटपॅकमधल्या (सिस्टिमपासून वेगळ्या डब्यात चालणाऱ्या) ॲपला फाइल उघडायची असो वा स्क्रीन शेअर करायची असो, ते एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टलकडे जातं आणि पोर्टल पुढे त्या त्या डेस्कटॉपच्या बॅकएंडकडे, म्हणजे मागे प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागाकडे. ग्नोमचा एक, केडीईचा एक, जीटीकेचा (ग्नोमच्या घराण्यातला टूलकिट, म्हणजे बटणं-खिडक्या काढायचा संच) सर्वसाधारण एक, डब्ल्यूएलरूट्स या लायब्ररीवर उभ्या असलेल्यांचा एक. एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप असले की पोर्टल भलत्याच बॅकएंडला हाक मारायचं. डी-बसवर (प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायची वाट) उत्तराची वाट पाहायची नेहमीची मुदत २५ सेकंदांची. त्यामुळे 'साधा टेक्स्ट एडिटर उघडायला अर्धा मिनिट लागतं' अशा तक्रारी जिकडेतिकडे दिसायच्या. कोणत्या डेस्कटॉपला कुठला बॅकएंड हे फाइलीत लिहून ठेवायची सोय २०२३ मध्ये, पोर्टलच्या १.१८ आवृत्तीत आली. सोय आली म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. ती फाइल प्रत्येक डेस्कटॉपसाठी बरोबर आहे ना, हे आता कोणीतरी बघायचं.

वेलँडने (पडद्यावर चित्र आणायची नवी पद्धत, एक्स११ ही जुनी) यात भर घातली. एक्स११ च्या दिवसांत पडदा, कीबोर्ड, माउस सांभाळणारा सर्व्हर सगळ्यांचा एकच होता, डेस्कटॉप त्याच्यावर बसायचे. वेलँडमध्ये ते सगळं काम कंपोझिटर करतो आणि ग्नोमचा मटर वेगळा, केडीईचा केविन वेगळा. फ्रॅक्शनल स्केलिंग, दोन मॉनिटर, एनव्हिडियाचे ड्रायव्हर, झोपेतून जागं होणं: पूर्वी एका ठिकाणी होणारे बग आता डेस्कटॉपगणिक निराळे होतात.

तुम्ही 'सपोर्ट' म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यापुढे नेमकं काय असतं, हे ऐकायला आवडेल.

शून्यातूनविश्व

सविस्तर लिहिलंत, पण सूर पटला नाही. निवडीचं स्वातंत्र्य हाच लिनक्सचा जीव आहे. डेस्कटॉप अपस्ट्रीमवाले (मूळ प्रकल्प लिहिणारे) बनवतात, भाषांतरं तेच करतात, बग तेच सोडवतात. तुम्ही मधले. डेबियनचा इन्स्टॉलर बघा: ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी, सगळे एका यादीत, हवी ती खूण करा. स्वयंसेवकांच्या जोरावर डेबियनला जमतं ते बाकीच्यांना का जमू नये?

खाचखळगे

डेबियनचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. त्या यादीत काहीच न निवडता पुढे गेलात तर जे येतं त्यावरून तिथे किती काथ्याकूट झाला! २०१३ च्या अखेरीस मूळ निवड एक्सएफसीईकडे गेली, सप्टेंबर २०१४ मध्ये परत ग्नोमवर आली. परत येण्यामागची मुख्य कारणं होती ॲक्सेसिबिलिटी आणि सिस्टिमडीशी (सिस्टिम सुरू करून सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेला मेळ. म्हणजे सगळे डेस्कटॉप एका यादीत असले तरी सगळ्यांची तयारी सारखी नसते, आणि हे डेबियनवाल्यांनी उघडपणे मान्य केलं.

आता माझ्या प्रांतातलं सांगतो. मी चाचण्या बघतो. ओपनसूझे आणि फेडोरा दोघेही ओपनक्यूए वापरतात. ते व्हर्च्युअल मशीन चालू करतं, माणसासारखं क्लिक करत जातं आणि पडद्यावर अपेक्षित चित्र दिसतंय का ते ताडून बघतं. या नमुना चित्रांना तिथे 'नीडल' म्हणतात. एखाद्या डेस्कटॉपने बटणाची कडा थोडी गोल केली, मूळ फॉन्ट बदलला, लॉगिनच्या पडद्याची पार्श्वभूमी बदलली, की जुन्या नीडल जुळत नाहीत. चाचण्या लाल. मग एक माणूस बसून ठरवतो की हे खरंच बिघडलंय की नुसतं दिसायला बदललंय, आणि नव्या नीडल काढतो. डेस्कटॉप पाच असतील तर हे पाच वेळा, आणि पाचांच्या रंगरंगोटीचं वेळापत्रक पाच तऱ्हांचं.

बाकी गणित तुम्हीच मांडा. पाच डेस्कटॉप, दोन प्रकारची सेशन (एक्स११ आणि वेलँड), तीन कंपन्यांचे ग्राफिक्स, नवं इन्स्टॉलेशन आणि जुन्यावरून अपग्रेड. ६० जोड्या झाल्या, अजून भाषा आणि स्केलिंग धरलेलंच नाही. कोणी सगळ्या तपासत नाही. कुठल्या तपासायच्या नाहीत हे ठरवणं हेच माझं खरं काम.

नवखी

प्रश्न बाळबोध वाटेल, माफ करा. मी ग्नोमवर होते, मैत्रिणीचं बघून त्याच मशीनवर प्लाझ्मा टाकलं. प्लाझ्मात शिरले तर क्रोमियममध्ये सगळ्या साइटवरून लॉगआउट! साठवलेले पासवर्डही दिसेनात. परत ग्नोममध्ये गेले तर काही गोष्टी दिसतात, काही नाही. हेच का ते सांधे?

कुलूपकिल्ली

@नवखी, अगदी हेच. क्रोमियम कुकी आणि पासवर्ड कूटबद्ध करून ठेवतं आणि त्याची किल्ली डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये टाकतं. सुरू होताना ते बघतं की आपण कुठल्या डेस्कटॉपवर आहोत. ग्नोम असेल तर ग्नोम कीरिंग, प्लाझ्मा असेल तर केवॉलेट. तुमची माहिती डिस्कवर होती तशीच आहे, किल्ली दुसऱ्या पेटीत राहिलीय. ब्राउझर सुरू करताना पासवर्ड-स्टोअरचा पर्याय देऊन दोन्हीकडे एकच पेटी वापरायला सांगता येतं. ग्नोम कीरिंग प्लाझ्मातही चालतं. तोवर दोन्हीकडे आलटूनपालटून लॉगिन करू नका, गुंता वाढतो.

पॅकेजवाल्यांनी सुरक्षेचा खर्च सोडला, तो मी लिहितो.

२०१७ मध्ये ग्नोमच्या एव्हिन्समध्ये (दस्तऐवज दाखवणारा प्रोग्रॅम) एक सुरक्षेचं भोक सापडलं, नोंद क्रमांक सीव्हीई-२०१७-१००००८३. कॉमिक्सची सीबीटी फाइल उघडताना आतल्या नावांमधून मशीनवर हवी ती आज्ञा चालवता यायची. एव्हिन्सने ते बुजवलं, आणि पुढे बाहेरची आज्ञा चालवणंच सोडून अर्काइव्ह वाचायची लायब्ररी घेतली. पण माटेचा अट्रिल म्हणजे जुन्या एव्हिन्सचा फोर्क (मूळ कोड घेऊन वेगळा काढलेला प्रकल्प), आणि मिंट या डिस्ट्रोचा एक्सरीडर त्याच घराण्यातला. त्यांच्याकडे तो जुना कोड वारशाने आलेला. २०२३ मध्ये एक्सरीडर आणि अट्रिल दोन्हींत सीबीटीच्याच वाटेने आज्ञा घुसवता येते असं परत निघालं. मूळ प्रकल्पाने ती वाट सोडून बरीच वर्षं झाली होती.

डिस्ट्रोच्या सिक्युरिटी टीमचं काम इथे कसं वाढतं बघा. एव्हिन्सची बातमी आली की आपल्याकडे त्याचे किती फोर्क आहेत, कुठल्याचं नाव काय, कोणात तो कोड अजून आहे, हे आधी आठवायला लागतं. फाइल मॅनेजरचंही तेच. नॉटिलस, त्यातून निघालेले नेमो आणि काजा, शिवाय डॉल्फिन, थुनार, पीसीमॅनएफएम-क्यूटी. केडीईत २०१९ मध्ये असं निघालं की '.desktop' किंवा '.directory' प्रकारची खोडसाळ फाइल असलेला फोल्डर नुसता उघडला तरी आज्ञा चालू शकते. त्यांनी फाइलीतून आज्ञा चालवायची ती सुविधाच काढून टाकली. हे भोक फक्त केडीईत, आधीचं फक्त एव्हिन्सच्या कुळात. धोक्यांच्या याद्या एकमेकींवर पडत नाहीत, त्यांची बेरीजच होते.

डीपिन या डेस्कटॉपचं प्रकरण तर सगळ्यांनी वाचावं असं आहे. ओपनसूझेत डी-बस सेवा आणि पोलकिटचे नियम सिक्युरिटी टीमने तपासल्याशिवाय पॅकेजमध्ये घेत नाहीत. डीपिनचे बरेच घटक त्या तपासणीत अडकले. मग एक पॅकेज असं आलं की ते वापरणाऱ्याला परवान्यासारखी एक चौकट दाखवायचं, आणि 'हो' म्हटलं की न तपासलेल्या त्याच फाइली मागच्या दाराने बसवायचं. हे २०२१ पासून तिथे होतं. लक्षात आल्यावर मे २०२५ मध्ये त्यांनी अख्खा डीपिन डेस्कटॉप काढला. यात वाईट हेतू असण्याचीही गरज नाही. जास्तीच्या एका डेस्कटॉपची तपासणी करायला माणसं पुरत नाहीत, पॅकेज बघणारा वाट बघून कंटाळतो आणि आडवाट काढतो.

ॲपकार

ॲप लिहिणाऱ्यांचंही ऐका. डिस्ट्रो डेस्कटॉप देते, पण खर्चाचा बराच भाग आमच्या गळ्यात येतो आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

पहिलं ट्रे आयकॉन, म्हणजे पट्टीच्या कोपऱ्यात बसणारं ॲपचं चिन्ह. जुनी एक्सएम्बेडची पद्धत होती, मग केडीईकडून स्टेटसनोटिफायर आलं, उबुंटूने त्यावर ॲपइंडिकेटर काढलं. ग्नोमने ३.२६ मध्ये, २०१७ ला, जुना ट्रे काढून टाकला आणि त्याजागी काही दिलं नाही. उबुंटू स्वतःचं एक्स्टेन्शन आधीच बसवून देते, म्हणून तिथे आयकॉन दिसतो. फेडोरात दिसत नाही. दोन्हीकडे ग्नोमच. मला पत्र येतं, 'तुमचं ॲप बंद करताच येत नाही, कुठे लपलंय?'

दुसरं खिडकीची चौकट. केविन म्हणतो मी काढून देतो, मटर म्हणतो ज्याची त्याने काढावी. त्यामुळे चौकट काढणारा कोड ॲपमध्ये ठेवणं आलंच, आणि तो प्लाझ्मात विचित्र दिसला तरी शिव्या आम्हालाच.

तिसरं थीम. २०१९ मध्ये काही ग्नोम ॲपवाल्यांनी 'आमच्या ॲपना थीम लावू नका' असं जाहीर पत्रच डिस्ट्रोंना लिहिलं होतं. तेव्हा खूप जण चिडले. पण थीममुळे पांढऱ्यावर पांढरी अक्षरं झाली की बग ॲपवर येतो, थीम करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. २०२२ मध्ये ग्नोम ४२ बरोबर लिबअद्वैता (ग्नोम ॲपना एकच ठरलेलं रूप देणारी लायब्ररी) सगळीकडे आली आणि त्या ॲपपुरता प्रश्न संपला. फक्त ती ॲप माटेमध्ये किंवा एक्सएफसीईत उघडली की शेजारणीच्या लग्नात आल्यासारखी दिसतात. डार्क मोडचा मात्र चांगला तोडगा निघाला. ती पसंती आता पोर्टलमधून कळते, डेस्कटॉप कुठलाही असो.

अनुस्वार

टायपिंग राहिलं की! देवनागरी लिहिणाऱ्यांना हा सांधा रोज बोचतो. ग्नोममध्ये आयबस (इतर लिप्या टाइप करायचं साधन) शेलमध्येच गुंफलेलं आहे. सेटिंगमध्ये कीबोर्ड जोडला की झालं. प्लाझ्माच्या वेलँड सेशनमध्ये एफसीआयटीएक्स ५ हे तसलंच दुसरं साधन वापरायचं तर ते सेटिंगच्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड' या पानावर जाऊन निवडायला लागतं. तिथे शोधायचं कोणाच्या मनात येणार? एक्स११ मध्ये जीटीके आणि क्यूटीसाठी (केडीईखालचा टूलकिट) दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लिहिली की निभायचं. म्हणून नेटवरची सगळी जुनी मार्गदर्शनं तेच सांगतात, आणि वेलँडमध्ये नेमकी तीच कधीकधी आड येतात. वर वेलँडच्या टेक्स्ट-इनपुट प्रोटोकॉलच्याही वेगवेगळ्या आवृत्त्या. कंपोझिटरला एक येते, ॲपला दुसरी.

लिबरऑफिसचं तर आतूनच दुभंगलेलं आहे. जीटीकेचं वेगळं अंग, क्यूटी आणि केडीईचं वेगळं. जोडाक्षर एका डेस्कटॉपवर नीट उमटतं आणि दुसऱ्यावर कर्सर भलतीकडे उडी मारतो, तेव्हा 'लिबरऑफिसमध्ये बग आहे' एवढं सांगून भागत नाही. आधी विचारायचं, तुमचा डेस्कटॉप कुठला?

श्रवणभक्त

मी स्क्रीन रीडरवर काम करतो, म्हणजे मला दिसत नाही. वर डेबियनचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. ओर्का हा स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) ग्नोमच्या घरातला. या सगळ्या पायाभरणीत सन मायक्रोसिस्टम्सचा पैसा आणि माणसं होती. २०१० मध्ये ओरॅकलने सन घेतली आणि ते पाठबळ आटलं. त्यानंतर मोजक्या माणसांनी ते तगवून धरलंय. आता त्या मोजक्या माणसांना किती डेस्कटॉपमध्ये वाटायचं?

वेलँडमध्ये कुठल्याही ॲपला सगळ्या कळा ऐकता येत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्य आहे. पण स्क्रीन रीडरला तर त्याच ऐकायच्या असतात, नाहीतर कॅप्सलॉक धरून 'पुढची ओळ वाच' सांगू कसं? ही सोय प्रत्येक कंपोझिटरला स्वतंत्र लिहावी लागते. ग्नोममध्ये मार्च २०२५ ला, ४८ व्या आवृत्तीत ती रुळावर आली. छोट्या कंपोझिटरकडे विचारणा केली की उत्तर येतं, 'पॅच पाठवा'.

इन्स्टॉलरच्या यादीत सहा नावं असतात आणि माझ्यासाठी त्यातली एखाददुसरी खरी असते. कुठली, हे त्या यादीत लिहिलेलं नसतं. माझी एवढीच मागणी आहे की लिहा.

वाकडीवाट

सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलंय की एकच डेस्कटॉप बरा. जरा उलट बाजूने बघू.

केडीई १९९६ ला सुरू झालं. त्याखालची क्यूटी तेव्हा मुक्त परवान्याची नव्हती, म्हणून १९९७ मध्ये ग्नोम निघालं. ही सगळी दुहेरी मेहनत वाया गेली म्हणता? ग्नोम उभं राहिल्याचा दबाव नसता तर क्यूटी २००० मध्ये जीपीएलखाली आली असती का, मला शंका आहे. प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायला केडीईकडे डीकॉप होतं, ग्नोमकडे कोर्बावरचं बोनोबो. दोघांना चालेल असं काही हवं, या गरजेतून डी-बस आलं, ज्यावर आज अख्खी सिस्टिम बोलते. मेनूतल्या डेस्कटॉप फाइली, आयकॉन थीमचे नियम, होममधली कॉन्फिग फोल्डरची शिस्त, हे सगळं फ्रीडेस्कटॉप या सामायिक प्रकल्पातून आलं, आणि फ्रीडेस्कटॉप आलं ते डेस्कटॉप एकाहून जास्त होते म्हणून. केडीईच्या कॉन्करर ब्राउझरसाठी लिहिलेलं केएचटीएमएल ॲपलने घेतलं, त्याचं वेबकिट झालं, त्यातून गूगलचं ब्लिंक. अर्धं जग आज केडीईच्या वंशजावर वेब बघतं.

एकच डेस्कटॉप ठेवला की खर्च संपतो हाही भ्रम आहे. विंडोजकडे शेल एकच. तरी विन३२, डब्ल्यूपीएफ, यूडब्ल्यूपी, विनयूआय असे ॲप लिहायच्या पद्धतींचे थरावर थर साचलेत, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून कंट्रोल पॅनेल आणि सेटिंग शेजारी शेजारी नांदतायत. उबुंटूच्या कॅनॉनिकलने युनिटी हा स्वतःचा एकच डेस्कटॉप बनवला, २०११ पासून रेटला आणि एप्रिल २०१७ मध्ये सोडला. तो खर्च कुठल्या खात्यात मांडणार?

जुनाखेळाडू

वाकडीवाट, फ्रीडेस्कटॉपबद्दल बरोबर बोललात. त्याआधीचंही थोडं सांगतो. युनिक्सच्या कंपन्यांनी हेच दुखणं ओळखून १९९३ मध्ये एकत्र येऊन सीडीई काढलं होतं. सन, एचपी, आयबीएम, सगळ्यांचा एकच डेस्कटॉप. उद्देश तोच, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला प्रत्येक कंपनीसाठी वेगळं लिहायला लागू नये. दिसायला ओबडधोबड पण टिकाऊ. मग सनच्या सोलारिसवर ग्नोम आलं आणि लॉगिनच्या पडद्यावर परत दोन नावं. सीडीई सोलारिस ११ मध्ये, २०११ ला गेलं. तोवर कितीतरी वर्षं एकाच सिस्टिमवर दोन्ही. गिऱ्हाइकांच्या जुन्या मोटिफ (सीडीईचा टूलकिट) ॲपसाठी एक काढता येत नव्हता, नवे लोक मागतात म्हणून दुसरा टाळता येत नव्हता.

जोडणं एका मीटिंगचं काम. काढायला दहा वर्षं लागतात. खर्चाचा अंदाज मांडताना हे कोणी धरत नाही.

खाचखळगे

जुनाखेळाडू काका +१. काढण्यावरून मिंट आठवलं. २०१७ मध्ये त्यांनी केडीई आवृत्ती बंद केली, १८.३ शेवटची. कारण प्रांजळपणे सांगितलं होतं. एक्सेड, ब्लूबेरी, स्लिक ग्रीटर अशी त्यांनी बनवलेली साधनं जीटीकेवरची. ती सिनॅमन, माटे, एक्सएफसीई तिघांत चालतात, केडीईत नाहीत. एक्स-ॲप हा प्रकल्पच त्यांनी २०१६ मध्ये त्या तिघांत काम वाटून घेण्यासाठी काढला होता. म्हणजे तीन डेस्कटॉप ठेवले, पण एका टूलकिटवरचे. मला हा व्यवहारी मार्ग वाटतो.

रेड हॅटने २०१८ मध्ये रेल (त्यांची एंटरप्राइज लिनक्स) ७.६ च्या रिलीज नोट्समध्ये केडीई मोडीत निघणार असं कळवलं, आणि २०१९ च्या रेल ८ मध्ये ते नव्हतं. आता हवं असेल तर इपेलमधून, म्हणजे वेगळ्या जादा रिपॉझिटरीतून. कॅनॉनिकलने २०१२ मध्ये कुबुंटूचा (केडीईवाली उबुंटू) पैसा थांबवला. तिथे दुसरा प्रायोजक मिळाला म्हणून ते जगलं. उबुंटूच्या एलटीएसला (दीर्घ मुदतीची आवृत्ती) पाच वर्षं अपडेट मिळतात, बाकी फ्लेवरना (दुसऱ्या डेस्कटॉपच्या उबुंटू) तीन. लोक हे न वाचता फ्लेवर टाकतात आणि चौथ्या वर्षी विचारतात, अपडेट का येत नाही?

शून्यातूनविश्व

मान्य, काही मुद्दे मी धरले नव्हते. पण मग फेडोराचं काय? ते उलट दिशेने गेले. एप्रिल २०२५ मध्ये फेडोरा ४२ ला केडीईला वर्कस्टेशनच्या बरोबरीची एडिशन केली. त्यांना खर्च दिसला नाही?

पॅकेजवाला

दिसला होता, आणि त्यांनी तो आधीच भरलेला होता. फेडोरात काही डेस्कटॉप 'रिलीज अडवणारे' मानतात. ग्नोम आणि केडीई त्यांत कितीतरी वर्षं आहेत. केडीईत लॉगिन होत नसेल तर अख्खं रिलीज थांबतं. बाकीचे स्पिन. त्यांच्यात बिघाड असला तरी रिलीज ठरल्या दिवशी निघतं. त्यामुळे ४२ ला बदलला तो मान आणि पाटी. केडीईसाठी लागणारी माणसं आधीपासून होती.

मला धागा काढताना हेच म्हणायचं होतं, पण पहिल्या पोस्टमध्ये पोर्टलमध्येच अडकलो. 'रिपॉझिटरीत आहे', 'इन्स्टॉलरमध्ये आहे' आणि 'बिघडलं तर रिलीज थांबेल' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण तिन्हींना सपोर्ट म्हणतो. वापरणारा तिसरी समजून चालतो आणि आमच्यासारखे छोटे लोक पहिली देत असतात.

वाकडीवाटांनी मांडलेला फायदा मी नाकारत नाही. पण तो फायदा अपस्ट्रीमच्या स्पर्धेचा. डी-बस जन्माला यायला केडीई आणि ग्नोम दोन्ही जगात असावे लागतात. माझ्या डिस्ट्रोच्या इन्स्टॉलरमध्ये दोन्ही असावेच लागतात असं नाही.

आणि काळ मला साथ देत नाहीये. ग्नोम ४९ ने एक्स११ चं सेशन मूळ बांधणीत बंद ठेवलं, उबुंटू २५.१० मधून ते गेलंही. फक्त ग्नोम देणारा एक्सऑर्गचा सर्व्हर काढून हलका होऊ शकतो. मी एक्सएफसीई आणि माटे देतो, त्यांचं नेहमीचं सेशन एक्स११ चंच, म्हणजे ते ओझं माझ्याकडे राहणार. एक्सएफसीई धिम्या गतीने चालतं, त्यातच त्याची गंमत आहे हे मलाही मान्य. पण ४.१२ फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं आणि ४.१४ ऑगस्ट २०१९ मध्ये. मधली सगळी वर्षं जीटीके २ फेकता येत नव्हतं. ग्नोम तिकडे दर सहा महिन्यांनी. २०२३ ला ४५ मध्ये त्यांनी एक्स्टेन्शन लिहायची पद्धत बदलली आणि प्रत्येक एक्स्टेन्शन दुरुस्त करावं लागलं. एक पाय जोरात धावतोय, एक जागचा हलत नाहीये, आणि रिलीजची तारीख दोघांना एकच द्यायची.

वाकडीवाट

डिस्ट्रो आणि अपस्ट्रीमची तुमची फारकत अर्धीच पटली. छोट्या डेस्कटॉपला वापरणारे डिस्ट्रोतूनच मिळतात. सगळ्यांनी इन्स्टॉलरमधून काढलं तर अपस्ट्रीमही सुकेल. पण तीन प्रकार वेगळे लिहा, याला माझा विरोध नाही. लिहिणार कसं?

पॅकेजवाला

पुढच्या रिलीजसाठी इन्स्टॉलरमधला मजकूर असा योजलाय. ग्नोमपुढे: 'या डेस्कटॉपमध्ये गंभीर बिघाड असल्यास आम्ही रिलीज थांबवतो.' एक्सएफसीई आणि माटेपुढे: 'स्वयंसेवकांनी तपासलेला. या रिलीजमध्ये काय तपासलं आणि काय नाही ते इथे वाचा.' तपासायला कोणीच पुढे आलं नाही, तर तो डेस्कटॉप रिपॉझिटरीत राहील, इन्स्टॉलरमध्ये दिसणार नाही. श्रवणभक्तांच्या म्हणण्याप्रमाणे स्क्रीन रीडरची ओळ प्रत्येकापुढे वेगळी असेल, 'तपासलं नाही' असलं तरी.

तपासणी अशी: लॉगिन, लॉक आणि अनलॉक, पोलकिटची चौकट, फ्लॅटपॅकमधून फाइल उघडणं, स्क्रीन शेअर, देवनागरी टायपिंग, ओर्का, आधीच्या रिलीजवरून अपग्रेड. रिलीजच्या आधी दोनदा.

नवखी

कीरिंगचा उपाय चालला, कुलूपकिल्ली यांचे आभार! आता दोन्हीकडे लॉगिन टिकतंय. प्लाझ्मा काढून टाकलं तर मागे काय राहतं?

कुलूपकिल्ली

@नवखी, होममधल्या कॉन्फिग फाइली राहतात, त्या पॅकेज काढून जात नाहीत. विशेषतः जीटीकेच्या सेटिंगची फाइल बघा, प्लाझ्मा त्यात स्वतःची थीम आणि फॉन्ट लिहून ठेवतं. ग्नोममधली ॲप अचानक वेगळी दिसायला लागली तर आधी तिथे शोधा. बालू नावाचं फाइल शोधणारं पार्श्वभूमीत चालत असेल तर तेही गेलंय ना बघा. आणि केवॉलेट काढायच्या आधी त्यात काही एकटंच राहिलं नाही ना, हे तपासा.

शून्यातूनविश्व

पॅकेजवाले, एक्सएफसीईचं मी घेतो. लॉगिन, लॉक, पोलकिट, फ्लॅटपॅक आणि अपग्रेड. जुना लॅपटॉप एनव्हिडियाचा आहे, तो याच कामाला लावतो. फक्त एक्स११ वर. ४.२० मधलं वेलँड सेशन त्यांनी स्वतःच प्रायोगिक म्हटलंय, त्याच्या वाट्याला जात नाही. ओर्काचं मला कळत नाही, खोटी टिकमार्क करणार नाही.

अनुस्वार

टायपिंग माझ्याकडे, दोन्हींवर. इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही बघते.

श्रवणभक्त

ओर्का मी करतो. लाइव्ह आयएसओमध्ये (इन्स्टॉल न करता चालणारी प्रत) सुरुवातीपासून बोलायला हवा, इन्स्टॉल झाल्यावर नाही. ते चालणार नसेल तर आत्ताच सांगा.

पॅकेजवाला

ग्नोमच्या आयएसओत चालतो. एक्सएफसीईच्या आयएसओत पॅकेज आहे, पण सेशनबरोबर आपोआप सुरू होत नाही. बग उघडतो आणि दुवा इथेच देतो.